एका पायाचा कुंभार

जोसाया वेजवुड १७३० साली इंग्लंडमधील बर्स्लेम गावी कुंभाराच्या घरात जन्मला. लहानपणी देवी आल्या आणि गुडघा कायमचा अधू झाला. पायाने चाक फिरवणे जमेना. मग तो माती, रंग व भट्टी यांचे प्रयोग करू लागला. १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला, तरी १७६९ मध्ये त्याने ‘एट्रुरिया’ कारखाना उघडला. प्राचीन ग्रीक-रोमन घाटाच्या त्याच्या फुलदाण्या आणि निळ्या जॅस्परवरील पांढरी उठावचित्रे युरोपभर गाजली. १७८७ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पदक घडवून वाटले. १७९५ मध्ये तो वारला.

मीही कुंभाराघरचा; कॉलेजात आलेला घरातला पहिलाच. मातीत काय ठेवले आहे, असे घरी-दारी ऐकतो, तेव्हा मी हे चरित्र सांगतो.