तोफगोळा, मोडलेला पाय आणि दोन पुस्तके

स्पेनच्या उत्तरेकडील पाम्प्लोना शहराच्या किल्ल्याला मे १५२१ मध्ये फ्रेंच फौजेने वेढा घातला होता. आतली शिबंदी थोडी, बाहेरचे सैन्य कितीतरी पट मोठे. किल्ला सोडून जीव वाचवावा, असेच बहुतेकांचे मत होते. तिशीच्या एका उमरावाने मात्र हट्ट धरला आणि किल्लेदाराला लढायला राजी केले. २० मे रोजी तोफांचा मारा सुरू असताना एक गोळा त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाच्या हाडाचा चुरा झाला, डाव्यालाही जखम झाली. तो पडला आणि पाठोपाठ किल्लाही पडला.

या उमरावाचे नाव इनिगो लोपेझ दे लोयोला. जग आज त्याला संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखते. त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाच्या, म्हणजे जेसुइटांच्या शाळा-महाविद्यालयांतून आपल्याकडच्याही अनेक पिढ्या शिकल्या आहेत. मात्र त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वळण चर्चमध्ये किंवा रणांगणावर आले नाही. ते आले आजारपणाच्या खाटेवर, आणि तेही हवी असलेली पुस्तके न मिळाल्यामुळे.

इनिगोचा जन्म १४९१ चा, बास्क प्रांतातल्या लोयोलाच्या गढीतला. भावंडांत तो शेंडेफळ. आई लहानपणीच गेली. ऐन पौगंडावस्थेत त्याला कॅस्टिलच्या राज्याच्या खजिनदाराकडे दरबारी रीतिरिवाज शिकायला पाठवण्यात आले. तलवारबाजी, उंची कपडे, मानापमान आणि शूर सरदारांच्या प्रेमकथा हेच त्याचे जग होते. त्या काळी स्पेनमध्ये अशा अद्भुत कादंबऱ्यांचे वेड होते आणि इनिगो त्यांचा पट्टीचा वाचक होता.

जखमी इनिगोवर पाम्प्लोनात फ्रेंच वैद्यांनीच उपचार केले. सुमारे दोन आठवड्यांनी त्याला डोलीत घालून डोंगराळ वाटेने लोयोलाला आणले गेले. घरी आल्यावर ध्यानात आले की, हाडे जागेवर नाहीत. मुळात ती नीट बसवली गेली नव्हती, की प्रवासातल्या हिसक्यांनी सरकली होती, हे वैद्यांनाही सांगता येईना. पाय पुन्हा मोडून बसवायचे ठरले. शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग झाला तो १८४६ मध्ये, म्हणजे सव्वातीनशे वर्षांनी. इनिगोने मुठी आवळल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर त्याची प्रकृती ढासळत गेली. अन्न जाईना. जूनच्या अखेरीस मरणासन्न माणसाला देतात ते धर्मसंस्कारही उरकण्यात आले. मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा नाही, असे वैद्यांनी सांगितले. त्याच रात्री उतार पडला.

जीव वाचला, पण हाड एकावर एक चढून जुळले होते. पाय आखूड झाला आणि गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा पुढे आला. दरबारी घट्ट बूट त्यावर चढले नसते. इनिगोने विचारले, हे हाड कापता येईल का? वैद्य म्हणाले, येईल. पण आतापर्यंत सोसल्या त्याहून भयंकर वेदना होतील. तरीही त्याने ते कापून घेतले. पाय लांब व्हावा म्हणून मलमे लावली गेली, यंत्राने पाय दिवसेंदिवस ताणून धरण्यात आला. हे सारे कशासाठी, तर दिसण्यासाठी. एवढ्या मोठ्या आघातानंतरही माणूस जुन्याच आयुष्याकडे परतायला धडपडत होता. आघाताने माणूस आपोआप शहाणा होत नाही, हे यातून दिसते.

आता कित्येक आठवडे पडून राहणे भाग होते. वेळ जाईना म्हणून त्याने आवडत्या सरदारकथा मागितल्या. घर सांभाळणाऱ्या त्याच्या वहिनीच्या, मादालेनाच्या संग्रहात तसले एकही पुस्तक नव्हते. होती ती दोन: सॅक्सनीच्या लुडोल्फ या मठवासीयाने लिहिलेले ख्रिस्ताचे मोठे चरित्र आणि संतांच्या जीवनकथांचा संग्रह, दोन्ही स्पॅनिश भाषांतरात. दुसरे काही नाही म्हणून इनिगोने ती हाती घेतली.

वाचता वाचता तो थांबे आणि विचारांत बुडून जाई. कधी मन जुन्या वाटेने धावे. एका अतिशय उच्चकुलीन स्त्रीसाठी आपण काय पराक्रम गाजवू, तिच्याशी काय बोलू, या दिवास्वप्नात दोन-दोन, तीन-तीन तास जात. कधी मन पुस्तकाच्या वाटेने जाई. असिसीच्या फ्रान्सिसने सर्वस्व सोडले, मग मला का जमू नये? दोन्ही विचार गोड होते आणि आलटून पालटून येत होते.

काही काळाने त्याला एक फरक जाणवला. पहिले स्वप्न चालू असताना मजा येई, पण ते संपले की मन कोरडे आणि उदास होई. दुसरा विचार संपल्यावरही मन प्रसन्न राही. हा फरक त्याला कोणी शिकवला नव्हता. त्याचे मन हीच त्याची प्रयोगशाळा होती आणि खाट हे निरीक्षणाचे ठिकाण. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हे पाहायचे, ही त्याची पुढच्या साऱ्या आयुष्याची पद्धत झाली. आजही मानसोपचारात रुग्णाला विचार आणि त्यापाठोपाठ येणारी भावना यांची नोंद ठेवायला सांगतात. चारशे वर्षांनंतर रूढ झालेल्या या तंत्राशी इनिगोच्या निरीक्षणाचे नाते लगेच ओळखू येते.

तो नुसता वाचत राहिला नाही. चालता-फिरता येऊ लागल्यावर त्याने पुस्तकांतले महत्त्वाचे भाग स्वतःच्या सुबक अक्षरात उतरवून घ्यायला सुरुवात केली. ख्रिस्ताचे शब्द लाल शाईत, मेरीचे निळ्या शाईत. ही वही सुमारे तीनशे पानांची झाली. सक्तीच्या विश्रांतीत हातांना काम मिळाले आणि विखुरलेल्या मनाला धागा.

ही गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी आणि गोड ठरली असती. पुढचा भाग मात्र अधिक महत्त्वाचा आहे. १५२२ च्या सुरुवातीला लंगडत घर सोडलेल्या इनिगोने माँसेरातच्या मठात तलवार अर्पण केली, भारी कपडे भिकाऱ्याला दिले आणि जवळच्या मानरेसा गावी तो राहिला. त्याचा स्वभाव मात्र बदलला नव्हता. पूर्वी सरदारांशी चाललेली चढाओढ आता संतांशी सुरू झाली. त्यांनी केले ते आपण त्याहून कडक करायचे. त्याने केस विंचरणे, नखे कापणे सोडले, भीक मागून खाल्ले, रोज तासन् तास प्रार्थना केली.

काही महिन्यांतच मन पोखरले गेले. आपण सारी पापे नीट कबूल केली का, एखादे राहिले तर नाही, ही शंका त्याला दिवसरात्र छळू लागली. कबुलीजबाब लिहून काढला, पुन्हा दिला, पुन्हा शंका आली. आपण करतो आहोत ते निरर्थक आहे हे कळत होते, पण थांबता येत नव्हते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ अशा अवस्थेला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा धार्मिक प्रकार मानतात. यातना इतक्या वाढल्या की, जीव संपवण्याचे विचार वारंवार येऊ लागले.

अशा वेळी त्याला आठवली ती वाचलेलीच एक कथा. इच्छित वर मिळेपर्यंत अन्न न घेणाऱ्या एका संताची. इनिगोने आठवडाभर अन्नपाणी सोडले. ज्या तऱ्हेच्या कथांनी त्याला खाटेवर सावरले होते, तीच कथा आता त्याचा जीव घ्यायला निघाली होती. त्याला रोखले ते पुस्तकाने नव्हे, माणसाने. त्याच्या कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे कळले, तेव्हा त्याने उपास ताबडतोब सोडण्याची आज्ञा केली. इनिगोने ती पाळली. शंका काही दिवसांनी परतल्या, तेव्हा त्याने लोयोलात शिकलेली पद्धत वापरली: हे विचार कुठून सुरू होतात, कुठे नेतात? ते आपल्याला जगण्याचीच घृणा आणतात, हे दिसल्यावर जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत, असा त्याने निश्चय केला आणि तो पाळला. हळूहळू केस विंचरले, नखे कापली, जेवण सुरू केले.

स्वतः सावरल्यावर इतरांना मदत करायची, हे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी शिक्षण हवे, म्हणून तेहेतिसाव्या वर्षी तो बार्सिलोनात शाळकरी पोरांच्या बाकावर बसून लॅटिन शिकू लागला. क्रियापदे पाठ करताना मनात उदात्त विचारांची गर्दी होई. प्रार्थनेच्या वेळी होत नाही ती नेमकी अभ्यासाच्याच वेळी का होते, हे त्याने तपासले. ही टाळाटाळ आहे हे ओळखून तो पुन्हा क्रियापदांकडे वळला. पुढे अल्काला, सालामांका आणि १५२८ पासून पॅरिस असे शिक्षण चालले. पॅरिसमध्ये एकाच वसतिगृहातले पिएर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर त्याचे सोबती झाले. इग्नेशियस हे नावही याच काळात रूढ झाले. १५४० मध्ये पोपने येशूसंघाला मान्यता दिली आणि इग्नेशियस त्याचे पहिले प्रमुख झाले.

खाटेवरची निरीक्षणे आणि मानरेसातले अनुभव यांतून त्यांनी एक छोटे पुस्तक सिद्ध केले. पोपच्या मान्यतेनंतर ते १५४८ मध्ये छापले गेले. हे पुस्तक वाचून बाजूला ठेवायचे नाही, करून पाहायचे आहे. सुमारे चार आठवड्यांचा तो सराव आहे. जाणत्या मार्गदर्शकासोबत तो करायचा आणि समोरच्याचे वय, शिक्षण, प्रकृती पाहून त्यात बदल करायचे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. एकट्याने पुस्तकामागे धावले की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

शरीराविषयीही त्यांचे मत पूर्ण बदलले. अतिरेकी उपास करणाऱ्या फ्रान्सिस बोर्जा या ड्यूकला १५४८ मध्ये त्यांनी पत्र लिहून उपास कमी करायला, पोट बळकट ठेवायला सांगितले. शरीर दुबळे झाले की, मनही काम करू शकत नाही, हा त्यांचा अनुभव होता. मानरेसातल्या अघोरी उपासांनी त्यांचे पोट कायमचे बिघडले, असे समजले जाई. पोटदुखीचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले.

३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. शवविच्छेदन केले ते त्या काळचे नामांकित शरीररचनातज्ज्ञ रेआल्दो कोलोंबो यांनी. मूत्रपिंडात, फुफ्फुसांत आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेतही त्यांना खडे आढळले. ही नोंद कोलोंबो यांच्या १५५९ च्या ग्रंथात आहे. दुखणे उपासाचे मानले जात होते. त्यामागे खडे होते, हे मृत्यूनंतर उलगडले. दुखणे सोसण्याची सवय असलेल्या माणसाचे खरे दुखणे असेच झाकले जाते.

त्याच १५५६ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, भारतातला पहिला छापखाना येशूसंघीयांसोबत गोव्यात उतरला. १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलमध्ये एक विलक्षण ग्रंथ छापला गेला: मूळचे इंग्लंडचे असलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’. लोयोलाच्या खाटेवर एका जखमी शिपायाच्या हाती पडले तेही ख्रिस्तचरित्रच होते. पंचाण्णव वर्षांनी त्याच्या संघातल्या एकाने तेच चरित्र मराठी ओवीत आणले.

पुस्तकांचा उपचारासाठी वापर करण्याला आज ग्रंथोपचार म्हणतात. त्यासाठीचा ‘बिब्लिओथेरपी’ हा इंग्रजी शब्द १९१६ चा. पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयांत ग्रंथालये उभी राहिली आणि या कल्पनेला बळ मिळाले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तके वाचनालयांमार्फत रुग्णांना सुचवली जातात. सौम्य नैराश्य किंवा चिंता असेल तर निवडक पुस्तक आणि सोबत मार्गदर्शन यांचा उपयोग होतो. तीव्र आजारात ते औषधाची किंवा समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाही.

घरात कुणी अपघातातून, शस्त्रक्रियेतून उठत असेल तर इग्नेशियस यांच्या आयुष्यातून घेण्यासारखे बरेच आहे. उशाशी एखादे चरित्र असू द्यावे. आवडलेला मजकूर वहीत उतरवायला सुचवावे. वाचून झाल्यावर मन हलके राहते की जड होते, हे विचारावे. आपण तसे होऊ शकत नाही, या जाणिवेने कुणी स्वतःलाच शिक्षा करू लागले, खाणे-झोपणे सोडू लागले किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

इग्नेशियस यांचा पाय काही पूर्ण बरा झाला नाही. ते अखेरपर्यंत किंचित लंगडत होते. त्याच पायांनी ते पॅरिसपर्यंत आणि पुढे इटलीतून रोमपर्यंत चालत गेले. घट्ट बुटांची आठवण मात्र त्यांना पुन्हा झाली नाही.