धक्क्याचे गणित मांडणारा रॉबिन्स

मोठ्या व्यासाच्या नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून पूर्ण ताकदीचे काडतूस उडवले, की गोळी पुढे जाते आणि मूठ वर उसळते. मनगटाला हिसका बसतो. असे चार-सहा वेळा झाले की पुढचा चाप ओढण्याआधीच हात दचकतो, डोळे मिटतात आणि नेम चुकतो. म्हणून अमेरिकेसारख्या, कायद्याने मुभा असलेल्या देशांत काही नेमबाज वापरलेली पितळी पुंगळी घरी पुन्हा भरतात आणि तिच्यात बेताची दारू घालतात. गोळी तेवढ्याच वजनाची ठेवून तिचा वेग निम्मा केला, तर मागे येणारा रेटा सुमारे निम्मा होतो आणि शस्त्राच्या उसळीची ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. अर्थात अंदाजाने दारू कमी करणेही धोक्याचे असते. गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी सुटली, तर नळी फुटू शकते. दारूच्या बाबतीत अंदाज नको, मोजमाप हवे, हा धडा पावणेतीनशे वर्षांपूर्वी घालून दिला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने.

रॉबिन्सचा जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. घर गरीब आणि क्वेकर पंथाचे. युद्ध आणि शस्त्रे निषिद्ध मानणाऱ्या या पंथात जन्मलेला मुलगा पुढे तोफांचे शास्त्र बदलून टाकणार होता. गणितातील त्याची चमक पाहून त्याला लंडनला पाठवण्यात आले. तिथे शिकवण्या करत त्याने न्यूटनच्या गणितावर लेखन केले आणि विशीतच, १७२७ मध्ये, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. क्वेकरांचा साधा पोशाख हळूहळू सुटला. पूल, बंदरे, तटबंदी अशा कामांकडे त्याचा ओढा वाढला.

१७४१ मध्ये वूलिच येथे लष्करी अकादमी सुरू झाली. तिथल्या प्राध्यापकपदाची रॉबिन्सला आशा होती, पण ते पद त्याला मिळाले नाही. त्या निमित्ताने जमवलेल्या टिपणांतून मात्र १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे छोटेखानी पुस्तक तयार झाले.

तोवर नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजण्याची भरवशाची पद्धत नव्हती. रॉबिन्सने त्यासाठी एक लंबक बनवला. लोखंडी दांड्याला जाड लाकडी फळी टांगायची आणि तिच्यावर गोळी झाडायची. गोळी फळीत रुतते आणि फळी मागे झुलते. किती झुलली, हे तिला बांधलेली फीत ओढली जाऊन कळते. फळीचे वजन, गोळीचे वजन आणि हा झोका यांवरून गोळीचा वेग काढता येतो. मस्केटची गोळी सेकंदाला सुमारे १,७०० फूट वेगाने सुटते, असे त्याला आढळले.

मग त्याने बंदुकीची नळीच लंबकाला टांगली आणि धक्का मोजला, एकदा गोळीसह आणि एकदा नुसत्या दारूचा. गोळी नसतानाही नळी मागे सरकली. म्हणजे धक्का केवळ गोळीमुळे बसत नाही, मागोमाग उसळणाऱ्या वायूंमुळेही बसतो. या वायूंचा वेग त्याने सेकंदाला सुमारे ७,००० फूट असा काढला. दारू कमी केली की धक्का दोन बाजूंनी का घटतो, याचे उत्तर या साध्या प्रयोगात होते. गोळी हळू जातेच, शिवाय वायूही कमी निघतो.

त्याचा दुसरा निष्कर्ष तोफखान्यातल्या जाणत्यांना चक्रावून टाकणारा होता. हवा नसती तर मस्केटची गोळी सुमारे १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती. एवढ्या वेगाने जाणाऱ्या गोळीला हवेचा होणारा विरोध तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट आहे, असे रॉबिन्सने दाखवले. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा विरोध एकाएकी वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले. म्हणजे भरमसाट दारू भरून मिळवलेला जास्तीचा वेग हवाच गिळून टाकते. तोफचीच्या वाट्याला उरतो तो मोठा धक्का आणि तापलेली तोफ.

थोर गणितज्ञ ऑयलरच्या एका ग्रंथावर रॉबिन्सने पूर्वी कडक टीका केली होती. तरीही बर्लिनमध्ये ऑयलरने या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि १७४५ मध्ये तो मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी मोठ्या भाष्यासह प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कोपले पदक दिले. फिरणारी गोळी हवेत बाजूला वळते, हेही त्याने नळीचे तोंड थोडे वाकवून आणि वाटेत कागदाचे पडदे लावून दाखवले. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो, त्यामागेही हेच तत्त्व असते.

१७४७ मध्ये त्याने आरमारासाठी एक प्रस्ताव छापला. तोफेचे वजन तेवढेच ठेवा, तोंड मोठे करा आणि दारू कमी भरा, असे त्याचे म्हणणे होते. वेगवान गोळा जहाजाच्या लाकडातून स्वच्छ भोक पाडून निघून जातो. जड आणि संथ गोळा लाकूड फोडतो, त्याच्या ढलप्या उडवतो. या ढलप्यांच्या जखमा खलाशांना गोळ्याइतक्याच जीवघेण्या ठरत. त्या वेळी आरमाराने हा सल्ला मनावर घेतला नाही. तीसेक वर्षांनी स्कॉटलंडच्या कॅरन कंपनीने आखूड, हलक्या, रुंद तोंडाच्या आणि थोड्या दारूवर चालणाऱ्या ‘कॅरोनेड’ तोफा ओतल्या, त्या याच विचाराच्या. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर ६८ पौंडी गोळा फेकणाऱ्या अशा दोन तोफा होत्या.

रॉबिन्सला हे पाहायला मिळाले नाही. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुख्य अभियंता नेमले आणि जुलै १७५० मध्ये तो तमिळ किनाऱ्यावरील कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात उतरला. मद्रास आणि सेंट डेव्हिडची तटबंदी भक्कम करायची होती. दोन-तीन महिन्यांतच त्याला तापाने गाठले. त्यातून तो उठला, पण प्रकृती सावरली नाही. युरोपातून आलेली असंख्य माणसे तेव्हा अशा तापांना बळी पडत आणि ताप कशाने येतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जग मोजणाऱ्या या माणसाकडेही त्यासाठी लंबक नव्हता. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, कंपनीसाठी अहवाल लिहिता लिहिता तो गेला. हातात लेखणी तशीच होती, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात.

या किल्ल्याचा मराठ्यांशीही संबंध आहे. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, कंपनीने तो मराठ्यांकडून विकत घेतला होता. सोबत मिळणाऱ्या मुलखाची हद्द ठरली ती तोफेच्या गोळ्यावर. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथपर्यंतची गावे कंपनीची. ती गावे पुढे ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणून ओळखली गेली. तोफगोळा किती दूर जातो आणि का थांबतो, हे ज्याने पहिल्यांदा नीट मोजले, त्याचा शेवटही अशाच एका गोळ्याने आखलेल्या हद्दीत झाला.