एक्सप्लेनर : अंगणवाडीतल्या अक्षरखेळांची मुळे कुठे? ताराबाई मोडक यांची कहाणी

परभणी शहर असो की जिंतूर, गंगाखेड, पालमची खेडी, अंगणवाडी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यामागचा विचार ताराबाई मोडक यांच्या कामातून आला. मुलाच्या हाती पेन्सिल देण्याआधी अक्षरांचा खेळ द्यावा, हे त्या विचाराचेच एक अंग.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १८९२, मुंबई. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त झाल्या. लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. भावनगरला गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. १९२३ मध्ये ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

अक्षरखेळ म्हणजे नेमके काय?

इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले. तिथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि आवाज म्हणत. मग सुटी अक्षरे जुळवून शब्द बनवत. मुलाचे कान तयार असतात, पण लिहिण्यासाठी बोटे तयार झालेली नसतात. सुट्या अक्षरांमुळे लिहिता न येणारे मूलही शब्द मांडू शकते. चुकले तर फक्त अक्षर हलवायचे. खोडायचे काही नाही, ओरडा नाही.

मराठीत हे कसे चालते?

ग, म, भ, न ही अक्षरे दिसायला सोपी. एवढ्यांतून मग, मन, नग, नमन, गगन असे शब्द होतात. व आला की ‘नव’ची अक्षरे उलटून ‘वन’ होते. पुढे शेवटच्या अक्षरावरून भेंड्या: मगर, रथ, थवा, वाट. पाठ केलेली बाराखडी म्हणता येणे वेगळे आणि अक्षर कुठेही आले तरी ओळखणे वेगळे. हे दुसरे काम खेळात होते.

ताराबाईंनी वेगळे काय केले?

१९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. पण माँटेसरीचे साहित्य महाग होते आणि त्याचा लाभ शहरातल्या मुलांपुरताच राहत होता. म्हणून १९४५ मध्ये ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. विकतच्या साहित्याऐवजी त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया वापरल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज त्याचा काय उपयोग?

मूल तीन वर्षांचे झाले की घरचे विचारू लागतात, पाटीवर काय लिहिते? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मात्र ३ ते ८ या वयात खेळातून शिकण्यावर भर देते. खर्च फारसा लागत नाही. चिंचोके मांडून ‘ग’ करता येतो, जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरांचे पत्ते होतात. शब्दही ओळखीचे निवडावेत: तूर, कापूस, बैल, विहीर, आजी. पहिला शब्द मुलाच्या घरातला असला की दुसरा ते स्वतःच मागते.