लीबिगचे सूप आणि बाळाचे दूध

शेतीशास्त्र शिकलेल्यांना युस्टुस फॉन लीबिग हे नाव खतांमुळे ठाऊक असते. बाळाच्या दुधाच्या डब्याचे मूळही याच जर्मन रसायनशास्त्रज्ञापर्यंत जाते.

लीबिग यांचा जन्म १८०३ सालचा, डार्मश्टाटचा. वडिलांचा रंग-रसायनांचा धंदा होता. तिथेच मुलाला प्रयोगांचा नाद लागला. औषधविक्रेत्याकडची उमेदवारी टिकली नाही. पुढे पॅरिसला शिकून १८२४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेनला प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करून शिकायचे, ही त्यांची पद्धत युरोपभर गाजली. १८५२ मध्ये ते म्युनिकला गेले.

अन्न म्हणजे प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि क्षार, असे त्यांचे गणित होते. या गणिताची कसोटी घरातच लागली. नातवंडाला आईचे दूध मिळेना. त्या काळी अशा बाळासाठी दूधआई शोधायची, नाहीतर गाईचे दूध किंवा पेज पाजायची. वरच्या दुधावरची कितीतरी बाळे वर्षाच्या आत दगावत. लीबिग यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ, मोड आलेल्या जवाचे पीठ आणि थोडे पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे मिश्रण करून त्यातील घटकांचे प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ आणले. १८६५ मध्ये ही कृती प्रसिद्ध झाली आणि लवकरच ते ‘सूप’ बाजारात आले.

१८६७ मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ देपॉल यांनी ते चार नवजात बाळांना दिले. चारही बाळे काही दिवसांतच दगावली. चार बाळांवरून दोष सूपाचाच होता असे ठरवता येत नाही, पण वैद्यक परिषदेत मोठा वाद झाला. सूप मात्र खपत राहिले. १८७३ मध्ये लीबिग वारले.

त्यांची बेरीज चुकली नव्हती. दुधात आणखी काय असते, हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हते. जीवनसत्त्वांचा शोध नंतर लागला. स्निग्ध पदार्थ तर केवळ इंधन समजले जात. १९२९-३० मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की लिनोलिक आम्ल शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. पुढे स्निग्धांश काढलेल्या दुधावरच्या बाळांची त्वचा कोरडी, खवलेदार होते आणि लिनोलिक आम्ल दिल्यावर सुधारते, हेही दिसले. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यात भरपूर असलेले डीएचए हे स्निग्धाम्ल तर डब्यातल्या दुधात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच सर्रास घातले जाऊ लागले. त्यामुळे पूर्ण दिवसांचे बाळ अधिक हुशार होते, याचा ठोस पुरावा अजून नाही.

प्रसूती वॉर्डात तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतेच, दूध पुरत नाही, डबा आणू का? आधी बाळाला छातीशी नीट धरले आहे का, लघवी पुरेशी होते का, वजन वाढते का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. डबा द्यावाच लागला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, डब्यावरच्या मापानेच द्या; पुरवठ्याला यावा म्हणून पाणी वाढवू नका. लीबिग यांच्यासारख्या माणसालाही जे दूध पुरते उलगडले नाही, ते आईकडे तयार असते.