रुग्णसेविका क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले

सावित्रीबाईंचे नाव घेताच भिडेवाड्यातील शाळा डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या या माउलीने शिक्षणाइतकीच माणसाच्या देहाचीही काळजी वाहिली, हा अध्याय तुलनेने कमी वाचला जातो.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांसमोर त्या काळी आत्महत्या किंवा भ्रूणहत्या एवढेच मार्ग उरत. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणे केली, माता व अर्भके दोघांनाही जगवले. तेथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले आणि पुढे डॉक्टर केले.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्या सत्यशोधकांसमवेत जुन्नर भागात फिरल्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेथील उपासमारीचे वर्णन केले आहे. धनकवडीच्या बालाश्रमात दुष्काळग्रस्तांच्या मुलांना अन्न मिळू लागले. भुकेल्या देहाला आधी घास हवा, हे त्यांनी जाणले होते.

१८९० मध्ये जोतीराव गेले, तरी कार्य थांबले नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे पुण्यात पोहोचला. उंदरांवरील पिसवांमुळे तो पसरतो, हा शोध १८९८ मध्ये लागायचा होता. सरकारी घरझडतीच्या धाकाने लोक रुग्ण लपवीत; अस्पृश्य वस्तीतील रुग्णाला तर कोणी हातही लावीत नसे. अशा वेळी सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. गावाबाहेरची मोकळी हवा, रुग्णाचे विलगीकरण आणि मायेची शुश्रूषा, एवढेच त्यांच्या हाती होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा सहा वर्षांचेही नव्हते.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट सलते. १८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटला की पाठ्यपुस्तकांना जूनमधील रँडवरील गोळीबार आठवतो. मार्चमधील हे बलिदान मात्र समासात राहते. झडतीने जे साधले नाही ते विश्वासाने साधू शकते, हे सावित्रीबाईंनी दाखवले होते. ज्या मुलाची सावलीही समाजाला नको होती, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. केवळ रोगाशी नव्हे, तर अस्पृश्यतेशीही त्यांनी लढा दिला.

आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्नान घालणाऱ्या तथागतांच्या करुणेचीच ही वाट आहे. बुलडाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आमच्या ज्या लेकी आज परिचारिका, आशा सेविका म्हणून दारोदार फिरतात, त्या याच वाटेने चालल्या आहेत. ३ जानेवारीबरोबरच १० मार्चही आपल्या घराघरांत पाळला जावा, हीच या माउलीला खरी आदरांजली ठरेल.