पद सोडण्याची रीत

माणूस अधिकारपदावर कसा पोचला, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्याने ते कसे सोडले, याची फारशी होत नाही. वस्तुतः पद सोडतानाच माणसाची पारख अधिक होते. बदलीचा हुकूम हाती पडलेला शिक्षक अर्धवट राहिलेल्या वर्गाची व्यवस्था कशी लावतो, बढतीवर निघालेला कारकून आपल्या टेबलावरील कागद कोणत्या स्थितीत सोपवतो, यावरून त्याची कामावरील निष्ठा कळून येते. मोठ्या माणसांनाही हीच कसोटी लागू आहे. यशवंतराव चव्हाण यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडले, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. वडील प्लेगने गेले आणि मातोश्री विठाबाईंनी हालअपेष्टा सोसून मुलांना वाढवले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९३२ साली राष्ट्रध्वज फडकावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे १९३८ साली पदवी, १९४१ साली वकिलीची परीक्षा आणि लगोलग बेचाळीसच्या लढ्यातील भूमिगत जीवन, असा क्रम लागला. १९४६ साली कऱ्हाडची वकिली मागे ठेवून ते मुंबईस पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून गेले. हाती असलेले सोडून नव्या जबाबदारीकडे जाण्याचा हा त्यांचा पहिला महत्त्वाचा प्रसंग होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा सारा रोष त्यांच्यावर होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द कऱ्हाडातून ते थोडक्या मतांनी निवडून आले. परंतु १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच्या उभारणीचा भारही त्यांच्यावरच पडला. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. जून १९६१ मध्ये साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी-माफी मिळाल्याने खेड्यापाड्यांतील कित्येकांना कॉलेजची दारे उघडली. ही सर्व रोपे नुकतीच लावलेली होती.

अशा वेळी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले. लष्कराच्या पिछेहाटीनंतर कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. येथे खरा पेच होता. राज्य अवघ्या अडीच वर्षांचे होते. बेळगाव-कारवारचा प्रश्न भिजत पडला होता. विदर्भ आणि मराठवाड्याचे मन पुरते जुळायचे होते. उलट दिल्लीतील पद मानाचे असले, तरी त्या घडीला ते अपयशाने वेढलेले होते. मुंबईत राहण्यास सबळ कारणे दाखवता आली असती. तरीही ते गेले, आणि हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावला, अशी भावना मराठी मनात उमटली.

त्यांच्या मागे राज्याची धुरा आली ती चंद्रपूरच्या मारोतराव कन्नमवारांकडे. नागपूर कराराने राज्यात आलेल्या विदर्भाकडे नेतृत्व जाणे, ही गोष्ट राज्याच्या एकजिनसीपणास पोषक ठरली. २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे ज्या लढाईसाठी बोलावणे आले, ती थांबली. उरले ते मोडलेले सावरण्याचे, दीर्घ आणि गाजावाजा नसलेले काम. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी पराभवाच्या चौकशीचे मुख्य निष्कर्ष लोकसभेपुढे ठेवले, तेही लष्करी सज्जतेतील उणिवांवर भर देऊन. १९६५ च्या युद्धात या कष्टांचे चीज झाले.

या चित्राला दुसरीही बाजू आहे. दिल्लीत गेल्यावरही महाराष्ट्राच्या राजकारणावरील त्यांची पकड सुटली नाही, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते असताना त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि त्याच महिनाअखेर ते चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये पायउतार झाले. १९६२ साली पदाने माणसाला हाक दिली होती. १९७९ साली माणूस पदाकडे गेला, असे लोकांना वाटले. दोन्ही वेळा त्यांनी एक जागा सोडून दुसरी, वरची जागा घेतली. परंतु पहिल्या वेळी वाट्याला आली ती कृतज्ञता, दुसऱ्या वेळी टीका. हा भेद जाण्याच्या हेतूविषयी लोकांना जे जाणवले, त्यातून आला.

त्यांचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९४६ साली मुंबईस निघण्यापाशी थांबते. पुढचे भाग प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यामुळे १९६२ च्या त्या निर्णयाची हकीकत त्यांच्या आत्मचरित्रातून आपल्याला मिळत नाही. मात्र त्यांनी मागे ठेवलेले काम बोलते आहे. मुख्यमंत्री बदलले, तरी जिल्हा परिषदा चालू राहिल्या, सैनिक शाळा चालू राहिली, फी-माफीवर शिकलेली मुले पुढे स्वतःच शिक्षक आणि अधिकारी झाली. आपण गेल्यावर काम अडू नये अशी घडी आधीच बसवून ठेवणे, हीच पद सोडण्याची खरी रीत होय. निरोपसमारंभातील हारतुऱ्यांपेक्षा ती अवघड आहे. पण शाळेच्या वर्गापासून सचिवालयापर्यंत सर्वांनाच ती आचरता येण्याजोगी आहे.