विल्यम पेन आणि बारा उपाशी माणसं

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याला फिलाडेल्फियात कोर्टाचा एक कागद आला. आत्या मूळची आमच्या बेळगावचीच. लग्न होऊन तिकडे गेली, आता तिथली नागरिक झाली आहे. कागद बघून ती घाबरलीच. कोर्ट म्हटलं की आमच्या घरात शेताच्या बांधाचा वाद नाहीतर भाऊबंदकी एवढंच आठवतं. पण हे बोलावणं वेगळं होतं. ज्यूरीत बसायला या, असं त्यात लिहिलं होतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिनं बाबांना एकच विचारलं, की यातून सुटायचं कसं. बाबांनी फोन माझ्याकडे दिला. घरात पुस्तकं वाचणारी म्हणून माझं नाव झालेलं आहे, त्याची ही शिक्षा.

खरं सांगायचं तर ज्यूरी म्हणजे काय हे मलाही एवढंच ठाऊक होतं, की लोकमान्य टिळकांना 1908 साली ज्यूरीनं दोषी ठरवलं. मुंबई हायकोर्टातल्या त्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्यामुळे ज्यूरीबद्दल माझं मत काही बरं नव्हतं. मग आत्यासाठी वाचायला बसले आणि एका माणसाच्या चरित्रात अडकले. त्याचा पुतळा आत्याच्या शहरात, सिटी हॉलच्या मनोऱ्यावर, अगदी टोकाला उभा आहे. आत्या त्याला रोज बसमधून बघते, पण त्याचा आणि तिच्या हातातल्या कागदाचा काही संबंध असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तो माणूस विल्यम पेन.

पेनचा जन्म 14 ऑक्टोबर 1644 रोजी लंडनमध्ये झाला. वडील इंग्लंडच्या आरमारातले मोठे अधिकारी, पुढे ॲडमिरल झाले. घरात पैसा, राजदरबारात ओळख. एकुलता मुलगा नसला तरी सगळ्या आशा याच्यावरच. बापानं त्याला ऑक्सफर्डला घातलं. तिथल्या सक्तीच्या धार्मिक रीतींशी त्याचं पटेना, म्हणून त्याला काढून टाकलं. बाप संतापला. पोराचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून त्याला फ्रान्सला धाडलं, परत आल्यावर कायदा शिकायला लंडनच्या लिंकन्स इनमध्ये घातलं. हे कायद्याचं शिक्षण अर्धवटच राहिलं, पण पुढे तेच त्याच्या कामी आलं.

वडिलांच्या जमिनी बघायला तो आयर्लंडला गेला आणि तिथं क्वेकर पंथाच्या सभेत जाऊ लागला. हा पंथ तेव्हा नवा होता. देव प्रत्येकाच्या अंतःकरणात बोलतो, मध्ये पुरोहित लागत नाही, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही आणि कुणापुढे टोपी काढायची नाही, असं ते मानत. आज हे वाचून साधं वाटतं. पण ज्या काळात मोठ्या माणसापुढे टोपी न काढणं म्हणजे त्याचा अपमान होता, त्या काळात ॲडमिरलचा मुलगा टोपी घालून उभा राहतो म्हटल्यावर घरात काय झालं असेल! बापानं त्याला घराबाहेर काढलं. 1668 च्या अखेरीस एका पुस्तिकेवरून त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं. कित्येक महिने तो आत होता आणि तिथंही लिहीत होता.

आता 1670 सालाकडे येते, कारण आत्याच्या कागदाची गोष्ट खरी इथंच सुरू होते.

सरकारी चर्चबाहेरच्या धर्मसभांवर तेव्हा कायद्यानं बंदी होती. ऑगस्टमध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या क्वेकरांच्या प्रार्थनाघराला सैनिकांनी पहारा लावला. आत जाता येईना, तेव्हा पेन रस्त्यातच उभा राहून बोलू लागला. त्याला आणि विल्यम मीड नावाच्या व्यापाऱ्याला पकडलं. आरोप असा, की बेकायदा आणि दंगलखोर जमाव जमवला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओल्ड बेलीच्या कोर्टात खटला उभा राहिला. समोर लंडनचे महापौर आणि रेकॉर्डर, म्हणजे शहराचे न्यायाधिकारी. आरोपी आत आले तेव्हा त्यांच्या टोप्या कुणीतरी आधीच काढून घेतल्या होत्या. कोर्टानं हुकूम दिला, टोप्या परत डोक्यावर ठेवा. ठेवल्या. मग कोर्टापुढे टोपी काढली नाही म्हणून दोघांना प्रत्येकी 40 मार्क दंड! हे वाचून मी हसले, पण तिथं हसण्यासारखं काही नव्हतं.

पेननं एकच गोष्ट धरून ठेवली. माझ्यावर कोणत्या कायद्याखाली आरोप आहे, तो कायदा मला दाखवा. रेकॉर्डर म्हणाले, परंपरेचा कायदा. तो कुठं लिहिला आहे ते मात्र सांगेनात. वाद वाढला तेव्हा पेनला कोर्टाच्या एका कोपऱ्यातल्या बंदिस्त जागेत नेलं. तिथून तो ज्यूरीला ओरडून सांगत राहिला, की मला ऐकू येत नसताना माझा न्याय चालला आहे, तुम्ही साक्षी राहा.

आता ज्यूरी. बारा जण. त्यांच्यात एडवर्ड बुशेल नावाचा एक व्यापारी होता. ज्यूरीनं विचार करून सांगितलं, की पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलला, एवढं सिद्ध झालं. एवढंच. बेकायदा जमाव हा शब्द ते तोंडातून काढेनात. रस्त्यात बोलणं हा गुन्हा नव्हताच, त्यामुळे असा निकाल म्हणजे निकालच नव्हे, असं म्हणून कोर्टानं त्यांना परत आत पाठवलं. बुशेलला नाव घेऊन धमकावलं. तरीही उत्तर तेच. मग हुकूम झाला, की कोर्टाला हवा तसा निकाल मिळेपर्यंत यांना कोंडून ठेवा. अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखू नाही. दोन रात्री ते बारा जण तसे बसले. लघवीसाठी भांडंही दिलं नव्हतं. रेकॉर्डरनं भर कोर्टात स्पेनच्या धर्मन्यायालयाचं कौतुक केलं, की तसलं काही इंग्लंडात असल्याशिवाय इथं नीट होणार नाही. हा सगळा वृत्तांत आरोपींच्याच बाजूनं त्याच वर्षी छापला गेला, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. पण कोंडून ठेवणं आणि दंड या गोष्टी पुढच्या न्यायालयीन निर्णयातून पक्क्या झाल्या आहेत.

5 सप्टेंबरला सकाळी ज्यूरी बाहेर आली आणि बाराही जणांनी स्वच्छ सांगितलं, निर्दोष.

तेव्हा कोर्टानं काय करावं? ज्यूरीलाच दंड केला. प्रत्येकी 40 मार्क, आणि भरेपर्यंत न्यूगेटच्या तुरुंगात. पेन आणि मीडही टोपीच्या दंडापायी तिकडेच गेले. पेनचे वडील अखेरच्या आजारात होते. दंड भरला गेला, पेन सुटला आणि बापलेकांची भेट झाली. 16 सप्टेंबरला ॲडमिरल वारले. आयुष्यभर भांडलेल्या त्या दोघांत शेवटी समेट झाला होता. मला हे वाचून बरं वाटलं.

पण बुशेल आणि त्याचे तीन सोबती दंड भरेनात. ते आत बसून राहिले आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. सरन्यायाधीश जॉन वॉन यांनी निर्णय दिला, की ज्यूरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येणार नाही. पुरावा बघून ज्याला जे पटतं ते त्याचं स्वतःचं पटणं असतं. न्यायाधीशाच्या डोळ्यांनी ज्यूररला बघता येत नाही. न्यायाधीश सांगतील तेच म्हणायचं असेल तर बारा माणसं बोलवायचीच कशाला? आज ओल्ड बेलीच्या इमारतीत या ज्यूरीच्या धैर्याची आठवण म्हणून एक फलक लावलेला आहे.

पेनचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. राजाकडून त्याच्या वडिलांचं 16,000 पौंडांचं येणं होतं. त्या बदल्यात 1681 साली त्याला अमेरिकेत मोठा मुलूख मिळाला. राजानं ॲडमिरलच्या नावावरून त्याला पेन्सिल्व्हेनिया म्हटलं. 1682 मध्ये पेन वेलकम नावाच्या जहाजानं तिकडे गेला. वाटेत देवी आल्या आणि तीसेक माणसं दगावली. तिथं त्यानं केलेल्या कायद्यांवर ओल्ड बेलीची छाप उघड दिसते. कोर्टं सगळ्यांना उघडी, कामकाज समजेल अशा सोप्या भाषेत, आपली बाजू स्वतः मांडायची मुभा, आणि खटला बारा जणांपुढे. इंग्लंडात तेव्हा कितीतरी गुन्ह्यांना फाशी होती. इथं खून आणि देशद्रोह सोडून नाही. गोरे वसाहतकरी आणि मूळ रहिवासी यांच्यात तंटा झाला तर सहा इकडचे, सहा तिकडचे अशा बारा जणांनी तो सोडवावा, असंही त्यानं लिहून ठेवलं होतं.

1684 मध्ये मार्गारेट मॅटसन नावाच्या बाईवर चेटकीण असल्याचा खटला आला, तो खुद्द पेनपुढेच. ज्यूरी म्हणाली, लोक हिला चेटकीण म्हणतात हे खरं, पण आरोपपत्रात लिहिलेला गुन्हा हिनं केलेला नाही. बाईला चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर घरी सोडलं. गावात काय बोलतात आणि कोर्टात काय सिद्ध झालं, या दोन गोष्टी त्या ज्यूरीनं वेगळ्या ठेवल्या.

त्याला देव करून मात्र ठेवायला नको. अंतःकरणाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या या माणसानं स्वतःच्या इस्टेटीवर गुलाम ठेवले होते. 1688 साली त्याच्याच वसाहतीतल्या जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. पेन त्यांच्यात नव्हता. व्यवहारातही तो कच्चा. कारभाऱ्यानं पुढे केलेले कागद न वाचता सह्या केल्या आणि त्यापायी उतारवयात कर्जासाठी कैद भोगली. 1712 मध्ये पक्षाघात झाला, नंतर बायको हॅना हिनं वसाहतीचा कारभार पाहिला. 30 जुलै 1718 रोजी तो इंग्लंडातच वारला.

हे सगळं मी आत्याला पुढच्या रविवारी सांगितलं आणि बरोबर कामाच्या गोष्टीही लिहून पाठवल्या. ज्यूरीचं बोलावणं म्हणजे तुझ्यावर आरोप नव्हे. फॉर्म भरून वेळेत पाठव, दुर्लक्ष केलंस तर दंड होऊ शकतो. अडचण खरी असेल तर लिहून तारीख पुढची माग, खोटी सबब सांगू नको. फोनवर कुणी ज्यूरी चुकवल्याचा दंड मागितला तर तो भामटा समज. निवडीच्या वेळी न्यायाधीश आणि वकील प्रश्न विचारतील, त्यांना खरं ते सांग. नाही घेतलं तर त्यात अपमान नाही. भत्ता पहिले तीन दिवस रोज 9 डॉलर, पुढे 25. कामावर पगार देतात का ते आधी विचारून घे. ज्यूरीसाठी गेलीस म्हणून नोकरीवरून काढणं तिथल्या कायद्यात बसत नाही, फक्त लहान धंद्यांना त्यात सूट आहे. खटला चालू असताना घरी, फोनवर, कुणाशीही त्याबद्दल बोलायचं नाही. इंटरनेटवर शोधायचं नाही. जे कोर्टात दाखवलं तेवढंच बघायचं. काही समजलं नाही तर चिठ्ठी लिहून कोर्टाच्या कर्मचाऱ्याकरवी न्यायाधीशांना विचारता येतं. फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं, तिथं सात विरुद्ध दोन चालत नाही. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून मत बदललं तर बदलू दे, पण कंटाळा आला म्हणून बदलू नको.

आत्याची निवड झाली. त्या दिवसांत तिनं फोनवर फक्त पावसाच्या गप्पा मारल्या. सगळं संपल्यावरही निकाल काय लागला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई होती, आणि एक म्हातारे गृहस्थ एक साक्ष परत वाचून दाखवा म्हणून अडून बसले. आधी तिला त्यांचा राग आला. मग आठवलं, की आपल्याला निदान कॉफी तरी मिळते आहे. साक्ष परत ऐकली. ऐकायला हवी होती, असं ती म्हणाली.

आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही. 1973 च्या फौजदारी संहितेत तिला जागाच ठेवली नव्हती. पण आपल्यालाही पंच म्हणून बोलावतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या चौकात अपघात झाला तेव्हा पंचनाम्यावर बाबांनी सही केली होती. कागद कन्नडमध्ये होता. बाबांना कन्नड अडखळत वाचता येतं, पण दुकान उघडायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी वाचलाच नाही. आत्याचा फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, त्यात काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही.